ईसीयूच्या आधी ट्यूनर शोधा

संपादक साहेब, नमस्कार.

गाडीत टर्बो टाकला, मोठे इंजेक्टर टाकले की आपल्या नागपूरची पोरं लगेच ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, ब्रँडवर भांडतात, हॅलटेक घेऊ का मेगास्क्वर्ट, अन् ट्यून, म्हणजे त्यातली इंधन-ठिणगीची सेटिंग, कोण करणार हे मात्र डबा घरी आल्यावर आठवते. उलटं करा नं. एक्झॉस्टमध्ये वाईडबँड सेन्सर लावून हवा-पेट्रोलचं मिक्श्चर बघणारा माणूस आधी धरा अन् त्याला जे सॉफ्टवेअर येते तेच घ्या. क्रँकच्या ट्रिगर व्हीलचे, म्हणजे इंजिन किती फिरलं ते ईसीयूला कळवणाऱ्या चाकाचे दात, ३६-१ का ६०-२ (३६ मधला एक गाळलेला का ६० मधले दोन), त्या ईसीयूला वाचता येतात का तेही विचारा, नाही तर स्टार्टर फिरत राहते, गाडी काही उठत नाही.

अन् आपला मे महिना! ४५ डिग्रीत सिग्नलवर उभं राहिलं की आत जाणारी हवा तापते, नॉकिंग होते, म्हणजे मिक्श्चर अवेळी पेटून इंजिन ठोकते, म्हणून हवेच्या तापमानाप्रमाणे ठिणगीचं टायमिंग मागे घेणारं टेबल पाहिजेच, डिसेंबरातल्या ट्यूनवर जाऊ नका बाप्पा. बीएस-६ गाडीत तर मीटर, इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) सगळं कॅन लाइनवर, म्हणजे एकाच सामायिक वायरीवर, ईसीयूशी बोलते, तिथं अख्खा ईसीयू बदलायच्या भानगडीत पडूच नये. मोटार वाहन कायदा, १९८८ चं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ पण एकदा वाचून घ्या, दुकानदार ते सांगत नाही.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर