हर्णैचा रफार कापला जातो

संपादक महोदय,

गणपतीच्या तोंडावर चाकरमानी फेरीबोटीची वेळ आणि होमस्टेचे दर फोनवरच बघतात. कोकणातल्या बऱ्याच संकेतस्थळांवर अक्षर मात्र मुंगीएवढे दिसते.

दोष बहुधा एका ओळीचा असतो. पानात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान किती रुंद धरायचे हे ब्राउझरला सांगणारी ओळ) नसेल, तर फोनचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि ३६० पिक्सेलच्या पडद्यावर आक्रसून बसवतो. १६ पिक्सेलचे अक्षर मग जेमतेम सहाचे उरते. टॅगमध्ये ‘डिव्हाइस-विड्थ’ (फोनचीच रुंदी) आणि ‘इनिशिअल-स्केल’ (सुरुवातीचा झूम) १, एवढेच पुरे. काही जण पुढे ‘युजर-स्केलेबल नो’ (वाचकाला झूमची मनाई) चिकटवतात, ते आधी काढावे. आयफोनवरचा सफारी ही मनाई जुमानत नाही, अँड्रॉइडवरचा क्रोम जुमानतो. त्यामुळे आयफोनवर तपासणाऱ्याला सगळे ठीक दिसते, आणि गावाकडच्या आजोबांना चिमटीने अक्षर मोठे करता येत नाही.

दुसरी खोड म्हणजे अक्षराचे माप नुसत्या ‘व्हीडब्ल्यू’त, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या शंभराव्या भागात, देणे. ४ व्हीडब्ल्यू म्हणजे फोनवर साडेचौदा पिक्सेल, १३६६ च्या लॅपटॉपवर जवळजवळ ५५! वर लॅपटॉपवर झूम केले तरी अक्षर हलत नाही. त्याऐवजी ‘क्लॅम्प’ (माप किमान-कमाल मर्यादेत ठेवणारी सूचना) वापरावे: किमान १.०६ रेम (१ रेम म्हणजे ब्राउझरचे मूळ अक्षरमाप, सहसा १६ पिक्सेल), मधले माप १ रेम अधिक ०.४ व्हीडब्ल्यू, कमाल १.२५ रेम. फोनवर सुमारे साडेसतरा पिक्सेल मिळतात आणि हजार पिक्सेल रुंदीनंतर अक्षर विसावर थांबते. रेम असल्याने वाचकाने ब्राउझरमध्ये अक्षर मोठे ठेवले असेल, तर तेही पाळले जाते.

देवनागरीची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि तयार इंग्रजी थीम घेणारे नेमके इथेच फसतात. ‘हर्णै’ लिहून बघा. एकाच ‘ण’च्या डोक्यावर रफार आणि दोन मात्रा. वरच्या ओळीत ‘सिंधुदुर्ग’ आला की त्याचे उकार खाली लोंबतात आणि दोघांची टक्कर होते. रोमन लिपीला १.४ ची लाइन-हाइट (अक्षराच्या मापाच्या पटीत ओळीची उंची) चालून जाते, मराठीला १.७ द्यावी, तीही बिनएककाची, नुसता आकडा. २४ पिक्सेल अशी बांधून दिली तर अक्षर वाढते, ओळ तेवढीच राहते. बटणाची उंची ठरावीक आणि ‘ओव्हरफ्लो हिडन’ (चौकटीबाहेरचे लपवा) असेल, तर रफार सरळ कापला जातो. उंचीऐवजी पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्यावे. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधले जादा अंतर) शून्यच ठेवावे, नाहीतर शिरोरेषेचे तुकडे पडतात.

बोटीचे वेळापत्रक फलकाचा फोटो काढून टाकले असेल, तर यातले काहीच लागू पडत नाही. ते टाइपच करावे लागते. तक्ता रुंद असेल, तर त्याभोवतीच्या चौकटीला ‘ओव्हरफ्लो-एक्स ऑटो’ द्यावे, म्हणजे तेवढा तक्ताच आडवा सरकतो. शेवटी पान ३२० पिक्सेल रुंदीवर आणि २०० टक्के झूमवर तपासावे. एकदा भर दुपारी जेट्टीवर उभे राहूनही.

— एक वेब डेव्हलपर, रत्नागिरी