केस दान करताय? कापायच्या आधी हे वाचा

संपादक साहेब, नमस्कार,

आजारपणात केस गेलेल्यांच्या विगसाठी केस दान करणारे हल्ली बरेच दिसतात, छानच आहे, पण कितीतरी जण आधी केस कापून येतात आणि मग विचारतात कुठे पाठवू, तोवर फरशीवरून गोळा केलेल्या केसांचा नुसता गुंता झालेला असतो, ते फुकटच जातात हो. केस धुवून पूर्ण वाळवायचे, घट्ट वेणी घालायची आणि डोक्याकडच्या रबराच्या वरून कापायचं. ओले बांधून ठेवले तर बुरशी धरते. बऱ्याच संस्था 10-12 इंच मागतात तो काही हट्ट नाही, विग बनवताना केस दुमडून गाठ मारतात त्यात लांबी जाते, आणि ब्लीच केलेले तर बहुतेक ठिकाणी नाहीच चालत. महिन्याला जेमतेम अर्धा इंच वाढ, म्हणजे दीड-दोन वर्षं सांभाळायचे, त्यात एका विगला अनेकांचे केस लागतात!

अजून एक, केस फक्त कॅन्सरच्या किमोनेच जातात असं नाही. अ‍ॅलोपेशिया अरियाटा नावाच्या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उठते, तो अजिबात पसरत नाही, तरी वर्गातली मुलं लांब सरकून बसतात याचा मला जास्त राग येतो. आणि काही मुलांना विग टोचतो, गरम होतं, टोपीच बरी वाटते. मग टोपी घालू दे की.

— एक वाचक