बाबा, स्क्रू खोलण्याआधी एवढं वाचा

पुणे,
रविवार, रात्री

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेला लॅपटॉपच्या फुटलेल्या स्क्रीनचा फोटो मोठा करून पाहिला. खालच्या डाव्या कोपऱ्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा निघाल्यात, त्यांच्या मध्ये शाई सांडल्यासारखा काळा डाग आहे आणि उजवीकडचा निम्मा भाग स्वच्छ दिसतोय. म्हणजे आतली काच तडकलीय. वरून हात फिरवला तर गुळगुळीतच लागेल, कारण वर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो आणि तडा त्याच्या खालच्या काचेला जातो. डाग अजून पसरू शकतो. दाबून, गरम करून, टूथपेस्ट चोळून तो जात नाही, यूट्यूबवर कुणी काहीही दाखवो. उलट दाबलं की तडा लांबतो.

आई, पडला नाही तर फुटला कसा, असं तू विचारत होतीस. हल्लीची पॅनेलं, म्हणजे झाकणातला चित्र दाखवणारा काचेचा भाग, फारच पातळ असतात. कीबोर्डवर भडंगातला एक शेंगदाणा राहिला आणि झाकण दाबून बंद केलं, एवढं पुरतं. एका हाताने कोपरा धरून झाकण उघडायची सवयही तितकीच वाईट. मधोमध धरून उघडायचं.

बाबा, नवा लॅपटॉप घ्यायचं एवढ्यात डोक्यातून काढा. मी स्क्रीन बदलायच्या कामाला पाच हजार धरलेत, पॅनेल आणि मजुरी मिळून. त्यातला एक रुपयाही खर्च करण्याआधी फुकटात होणारी एक तपासणी आहे, ती उद्याच करा.

सेटटॉप बॉक्सपासून टीव्हीला गेलेली एचडीएमआय केबल बॉक्सच्या बाजूने काढा आणि ते टोक लॅपटॉपच्या डाव्या अंगाच्या खाचेत घाला. टीव्हीकडचं टोक तसंच राहू द्या, म्हणजे रिमोटवर सोर्स बदलायलाही लागणार नाही. टीव्हीवर नुसतं चित्र आलं, पण आयकॉन नाहीत, असं झालं तर घाबरू नका. विंडोजचं बटण दाबून ठेवून पी दाबा. उजवीकडे चार पर्यायांची यादी येईल, त्यातलं डुप्लिकेट घ्या. कडा कापल्यासारख्या दिसल्या तर टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये स्क्रीन फिट किंवा जस्ट स्कॅन असं काहीतरी असतं, ते निवडा.

टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं की मदरबोर्ड, डिस्क, मेमरी सगळं शाबूत आहे असं समजा. दोष पॅनेलचा, फार तर त्याच्या केबलचा. टीव्हीवरही रेघा किंवा ठिपके आले, तर मात्र पॅनेल घेऊन उपयोग नाही, तिथेच थांबून मला फोन करा. टीव्हीवर स्वच्छ असेल, तर मग लॅपटॉपच्या स्वच्छ उजव्या भागाकडे बघत झाकण सावकाश मागेपुढे हलवा. चित्र लुकलुकलं किंवा क्षणभर गेलं तर बिजागरीतून जाणारी केबलही चेपलेली आहे. दुकानात हे तुम्ही आधी सांगा, नाहीतर नवं पॅनेल बसवल्यावर तेच लुकलुकेल आणि पॅनेल खराब निघालं म्हणून वाद होईल.

टीव्ही चालू आहे तोवर सोसायटीच्या हिशेबाचं फोल्डर आणि फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. ३२ जीबीचा पुरेल. या महिन्याचा जमाखर्च टीव्हीवरच पुरा करा, आईच्या मालिकांच्या वेळा सोडून. अक्षरं जराशी धुरकट दिसतील, कारण टीव्ही लांबून बघायला केलेला असतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के केलं तर डोळ्यांना त्रास कमी होईल. स्क्रीन फुटलेली असली तरी झाकण उघडंच ठेवा. ते मिटलं की विंडोज झोपी जातं.

खरं सांगायचं तर तुम्ही लॅपटॉप टेबलावरून कधी उचलतच नाही. तेव्हा कुणाकडे जुना मॉनिटर पडून असेल तर तोही एक मार्ग आहे. जुन्या मॉनिटरला बहुतेक निळ्या तोंडाची व्हीजीए केबल असते, आपल्या लॅपटॉपला ती खाच नाही. मध्ये एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लागेल. दुकानात व्हीजीए टू एचडीएमआयही मिळतो, दिसतो अगदी तसाच, पण तो उलट्या दिशेचा, आपल्याला बिनकामाचा. पाकिटावरचं नाव वाचून घ्या. आणि मॉनिटर लागला म्हणून लॅपटॉपचं झाकण तोडून बाजूला काढू नका. वायफायच्या अँटेना त्या झाकणातच, पॅनेलच्या कडेने बसवलेल्या असतात.

आता पॅनेल. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते एकाच गोष्टीत. लॅपटॉपचं मॉडेल सांगून पॅनेल मागवतात. एकाच मॉडेलमध्ये कंपनी दोन-तीन प्रकारची पॅनेलं घालते, त्यामुळे खरा नंबर पॅनेलच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो आणि तो बघायला स्क्रीनभोवतीची प्लास्टिकची फ्रेम उघडावीच लागते. बारकोडच्या आसपास मोठ्या अक्षरांत एनटी१५६डब्ल्यूएचएम, बी१५६एक्सटीएन, एन१५६बीजीई असं काहीतरी लिहिलेलं असेल. त्यातलं १५६ म्हणजे १५.६ इंच. पण खरी गोम पुढच्या शेपटात असते. एन१५६बीजीईच्या पुढे एल आलं तर तो जुन्या पद्धतीचा ४० पिनांचा जोड (केबल बसते ती खाच), ई आलं तर ३० पिनांचा. दिसायला दोन्ही सारखी, एकाची केबल दुसऱ्याला बसत नाही. म्हणून शेपटासकट सगळा नंबर हवा.

तोच नंबर मिळाला नाही तर या पाच गोष्टी जुळायलाच हव्यात: आकार, रिझोल्यूशन, पिना, जोडाची जागा आणि स्क्रू लावायचे कान. रिझोल्यूशन डिस्प्ले सेटिंगमध्ये रेकमेंडेड म्हणून लिहिलेलं असतं, आपलं १३६६ बाय ७६८ आहे. कान म्हणजे पॅनेलच्या वर-खाली बाहेर आलेल्या पत्र्याच्या पट्ट्या. अलीकडची पॅनेलं बिनकानाची, टेपने चिकटवायची असतात, ती आपल्या झाकणात नीट ठरणार नाहीत. दुकानदार म्हणेल, थोडे वर घाला, फुल एचडी टाकतो. नको म्हणा. आपल्या केबलमध्ये त्याला लागणाऱ्या जास्तीच्या तारा असतीलच असं नाही, मग केबलही बदलावी लागते आणि बजेट कोलमडतं.

फ्रेम उघडायचं काम तुम्ही घरी करू शकता. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेल्या हाताला हे जड नाही, फक्त जोर निम्म्याहून निम्मा लावायचा. आधी बिजागरी तपासा. झाकण उघडताना कोपऱ्यातलं प्लास्टिक फाकत असेल, कटकट आवाज येत असेल, तर आतले पितळी नट प्लास्टिकमधून उपटलेत. तसं असेल तर उघडूच नका. अशा बिजागरीवर नवं पॅनेल बसवलं तर चार महिन्यांत तेही तडकेल. ते काम आधी दुकानात.

बिजागरी घट्ट असेल तर चार्जर काढा, लॅपटॉप उलटा करून खटका सरकवा आणि बॅटरी बाहेर घ्या. मग पॉवरचं बटण वीस सेकंद दाबून धरा. ही पायरी घाईत गाळू नका. वीज जिवंत असताना पॅनेलच्या केबलचा जोड काढला-घातला की मदरबोर्डवरचा तांदळाच्या कणीएवढा फ्यूज उडू शकतो. मग नवं पॅनेलही काळंच दिसतं, टॉर्चचा उजेड तिरका मारला तर आत चित्र पुसट दिसतं. तो फ्यूज बदलायला पुन्हा वेगळी मजुरी.

फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांत रबराच्या टिकल्या असतील तर टाचणीने उचला, खाली स्क्रू असतात. प्लसच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने ते काढा. नंतर वरच्या बाजूच्या मधोमध, फ्रेमच्या आतल्या कडेला नखं घालून ती हलकेच वर उचला. टक् टक् आवाज करत खटके सुटत जातील. अडलं तिथे जुनं एटीएम कार्ड सरकवा, लोखंडी स्क्रूड्रायव्हर नको. बिजागरीकडचा भाग सगळ्यात शेवटी, तिथेच फ्रेम मोडते. कॅमेऱ्याची तार वरच्या मध्यावर असते, तिच्याकडे लक्ष असू द्या. स्क्रू मसाल्याच्या डब्यातल्या कोरड्या वाट्यांत वेगवेगळे ठेवा, आईला विचारून. फ्रेमचे स्क्रू लांब असतात आणि पॅनेलचे आखूड. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला की पॅनेलवर टोकाचा पांढरा ठिपका उमटतो.

पॅनेलला चार कोपऱ्यांत चार स्क्रू. शेवटचा काढताना पॅनेल दुसऱ्या हाताने धरा. कीबोर्डवर सुती साडीची दुहेरी घडी पसरा आणि पॅनेल तोंड खाली करून तिच्यावर निजवा. पाठ दिसली की स्टिकर दिसेल. पहिल्या खेपेला काम एवढंच: फोटो काढायचा, पॅनेल परत उभं करायचं, दोन स्क्रू लावून फ्रेम नुसती दाबायची.

नवं पॅनेल आल्यावर हेच परत, पण पुढे एक पायरी जास्त. पाठीच्या खालच्या बाजूला दोन बोटांएवढा रुंद जोड आहे, त्यावर पारदर्शक टेप. टेप एका टोकाने उचला, ती परत लावायची आहे, फाडू नका. काही जोडांवर तारेची बारीक कडी असते, ती आधी उलटवा. मग प्लगच्या दोन्ही कडा धरून तो पॅनेलच्या पाठीला समांतर, सपाट सरकवत बाहेर घ्या. वर उचललात तर पिनांची चौकटच उखडेल. नव्यात घालतानाही तसाच सपाट. पूर्ण बसला की त्याची कड खाचेच्या कडेशी सरळ रेषेत दिसते. एक बाजू जरा मागे राहिली तर स्क्रीन पांढरी तरी दिसेल नाहीतर कोरी. टेप परत दाबा.

लगेच सगळे स्क्रू आवळू नका. पॅनेल झाकणात टेकवा, वरचा एक स्क्रू अर्धा फिरवा, बॅटरी घाला आणि डी हे अक्षर दाबून ठेवून पॉवर दाबा. आपल्या डेलच्या लॅपटॉपमध्ये ही सोय आहे: विंडोज सुरू न होता स्क्रीनवर एकामागून एक सपाट रंग येतात. पांढऱ्यावर काळा टिपका किंवा काळ्यावर चमकता टिपका दिसला तर तो बिघडलेला पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका. पॅनेलवरची पातळ फिल्म आणि दुकानाचं स्टिकर तोवर काढू नका, ती काढली की परत घेत नाहीत. रंग नीट आले तर बॅटरी पुन्हा काढा, चारही स्क्रू हलक्या हाताने लावा आणि फ्रेम दाबत जा. कुठे दबत नसेल तर तिथे कॅमेऱ्याची तार अडकलीय असं समजा.

नंबर कळला की सांगलीत आणि मिरजेत मिळून तीन दुकानांत फोन करा. पॅनेल नवं की दुसऱ्या लॅपटॉपचं काढलेलं, बदलून किती दिवस देणार, मजुरी धरून किती, पक्कं बिल मिळणार का, एवढं विचारा. काढलेलं पॅनेल निम्म्या भावात मिळालं तर मला चालेल, पण दुकानातच चालू करून, पांढऱ्या पानावर कडेचा उजेड आणि पिवळटपणा बघून. काम त्यांच्याकडून करून घ्यायचं झालं तर समोर बसून. अर्ध्या तासाचं काम आहे, लॅपटॉप ठेवून येऊ नका. पासवर्डही सांगायला लागत नाही, रंगांची तपासणी पासवर्डच्या आधीच होते.

सगळ्यांनी पाच हजारांच्या वरच सांगितलं तर हो म्हणू नका. मी इथे चौकशी करून पॅनेल पाठवते. आलं की खोका उघडताना आईला मोबाईलवर शूटिंग करायला सांगा, वाटेत तडकलं असेल तर त्याशिवाय बदलून देत नाहीत.

स्टिकरचा फोटो खिडकीच्या उजेडात काढा. फ्लॅश मारला की आकडे पांढरे होतात आणि आठ आणि तीन ओळखू येत नाहीत.

तुमची,
मनू

ता. क. टीव्हीची केबल परत सेटटॉप बॉक्सला लावायला विसरू नका, नाहीतर सात वाजता आईचा फोन येईल.