बाळूच्या रक्तदाबाविषयी

सातारा, रविवार

प्रिय माधव,
स. न. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल आहोत. माझी साखर काठावर आहे आणि गुडघे वयाला शोभेल असेच वागतात. पत्राचे कारण बाळू आहे, आणि ही गोष्ट तुझ्याखेरीज कोणापाशी बोलण्याजोगी नाही.

गेल्या आठवड्यात तो यवतेश्वरचा घाट पळून थेट आमच्याकडे आला आणि रक्तदाबाचे नवे यंत्र पाहून त्याने हौसेने दंड पुढे केला. आकडा आला १६४/१०२. घाट चढून आल्यावर येणारच, असे तो म्हणाला. म्हणून मी त्याला पाठ टेकून, पाय जमिनीला लावून स्वस्थ बसवले, चहा लांब ठेवला आणि हाताखाली उशी देऊन पट्टा छातीच्या उंचीला आणला. तोंड मात्र बंद करता आले नाही. (मोजताना बोलले तरी आकडा वाढतो, पण बाळूला गप्प करणे तुलाही कधी जमले नाही.) अखेर सौ. रागावली तेव्हा तो थांबला, तरीही १५६/९८. पुढे यंत्रच त्याच्या घरी पाठवले. सकाळ-संध्याकाळ मोजूनही वरचा आकडा एकदाही १४० च्या खाली आलेला नाही, आणि घरी मोजताना तर १३५/८५ हीच मर्यादा धरतात.

त्याचे म्हणणे असे, की सातारा हिल मॅरेथॉन पळणाऱ्याच्या हृदयाला काय होणार? आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालावे असे सांगतात, त्याहून कितीतरी जास्त तो पळतो, आणि त्याचा लाभ त्याला होतही असणार. परंतु वडिलांकडून आलेला वारसा पळून मागे टाकता येत नाही. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत हृदयविकाराने गेला असेल, तर डॉक्टर ती गोष्ट धोक्यात धरतात. बाळूचे वडील, म्हणजे काका, तेव्हा किती वर्षांचे होते, हे तुला सांगायला नको. छातीत भरून आले, घाम सुटला आणि पित्त समजून त्यांना सोडा दिला गेला, तेव्हा ओट्यावर आपण दोघेच होतो. बाळू आजोळी होता. त्याने ती रात्र पाहिलेली नाही, म्हणूनच बहुधा तो इतका निर्धास्त आहे.

खाण्याबद्दल बोलायची सोय नाही. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा असावे. हा मिसळ, वर फरसाण आणि सुनंदाच्या खाराच्या मिरच्या खाऊन ‘घामातून जाते’ असे सांगतो. कंदी पेढ्यांचा विषय मी काढत नाही, कारण राजवाड्यावरचा तो अर्धा किलो तूच संपवलास, हे माझे मत अद्याप कायम आहे.

खरे अडते ते गोळीपाशी. एकदा सुरू झाली की जन्माची, हे त्याचे पालुपद. चष्माही जन्माचाच असतो, असे मी म्हणालो, तर तो हसला आणि दुधीच्या रसाचे गुण सांगू लागला. कुठल्याशा शिबिरातला सरळ आलेला ईसीजी तो सर्वांना दाखवतो. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी सरळ असूनही धमनी अरुंद असू शकते, हे त्याला पटत नाही. गोळी हवी की नको, हे मी ठरवणार नाही आणि त्यानेही ठरवू नये. साखर, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन एवढे तपासून डॉक्टरांसमोर बसावे आणि ते सांगेपर्यंत घाटात वेळ लावून पळणे थांबवावे, इतकेच माझे मागणे आहे.

माझे बोलणे त्याला मास्तरकी वाटते. तेव्हा काकांच्या त्या रात्रीचे तूच त्याला सांग, सोड्यासकट. तो हो म्हणाला, तर पुढचे मी पाहतो; दवाखान्यात बरोबर जाईन.

चिरंजीवांच्या नोकरीचे कळले, आनंद झाला. सांगलीच्या घराची ओल गेली का? वहिनींना नमस्कार. फोन रात्री नऊच्या आत कर. पहाटे पळायला जायचे म्हणून तो लवकर झोपतो.

तुझा,
वसंत