देवाचे राज्य म्हणजे मेल्यानंतरचा पत्ता नव्हे

संपादक महोदय,

ख्रिस्तराजाच्या सणानिमित्त आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ‘देवाचे राज्य’ या शब्दांचा अर्थ ‘मृत्यूनंतर मिळणारा स्वर्ग’ असा एका ओळीत उरकला आहे. लेखकाला दोष देण्यात अर्थ नाही; दर रविवारी उपासनेला येणाऱ्या कित्येकांची समजूतही तीच असते. पण येशूच्या सगळ्या शिकवणीचा कणा हे दोन शब्द आहेत. ते चुकीचे वाचले की प्रार्थना, पैसा, क्षमा, मंडळीचा कारभार असे पुढचे सगळेच तिरके जाते, म्हणून हा पत्रप्रपंच.

घोळाची सुरुवात मत्तयाच्या शुभवर्तमानापासून (येशूचे जीवन सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी एक) होते. मार्क आणि लूक ‘देवाचे राज्य’ म्हणतात तिथे मत्तय बहुधा ‘स्वर्गाचे राज्य’ लिहितो. मार्क १:१५ आणि मत्तय ४:१७ शेजारी ठेवून वाचावे. ‘राज्य जवळ आले आहे’ ही घोषणा तीच, शब्द तेवढा बदललेला. देवाचा उल्लेख थेट न करण्याची यहुदी भीड यामागे असावी, असे बरेच अभ्यासक मानतात. (मत्तय स्वतः काही ठिकाणी ‘देवाचे राज्य’ लिहितोच, त्यामुळे हे पूर्ण उत्तर नव्हे.) काही असो, ‘स्वर्गाचे’ हा शब्द इथे ठिकाण सांगत नाही, हुकमत कोणाची ते सांगतो.

दुसरा घोळ आपल्या भाषेतला. राज्य म्हटले की डोळ्यांपुढे नकाशा येतो. मूळ ग्रीक शब्द ‘बासिलेया’ आणि त्यामागचा हिब्रू ‘मालखूत’ यांचा पहिला अर्थ राजेपण, राज्य करणे असा आहे. लूक १९ मधल्या दाखल्यातला (बोधकथेतला) उमराव ‘राज्य मिळवून परत यावे’ म्हणून दूर देशी जातो, तो काही जमीन गाठोड्यात बांधून आणायला जात नाही. अधिकार मिळवायला जातो. इ. स. पू. ४ मध्ये मोठा हेरोद मेल्यावर त्याचा मुलगा अर्खेलाव असाच रोमला सम्राट औगुस्ताकडे गेला होता, त्यामुळे ऐकणाऱ्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती. आपणही ‘त्या घरात आजीचे राज्य आहे’ म्हणतो, तेव्हा क्षेत्रफळ कोणी विचारत नाही. घरात शब्द कोणाचा चालतो, एवढेच कळते. देवाचे राज्य या अर्थाने घेतले की निम्मे प्रश्न सुटतात.

उरलेला अवघड प्रश्न म्हणजे ते आले की यायचे आहे? शुभवर्तमाने दोन्ही म्हणतात. मत्तय १२:२८ मध्ये राज्य ‘तुमच्यावर आले आहे’, आणि प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझे राज्य येवो’. डोंगरावरील प्रवचनाच्या आरंभीची आठ ‘धन्य’ वचने काळजीपूर्वक वाचावीत. पहिल्यात (५:३) आणि आठव्यात (५:१०) ‘स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे’ असा वर्तमानकाळ येतो, आणि मधल्या सहांत सांत्वन, तृप्ती, दया हे सगळे भविष्यकाळात. ही रचना सहज झाली असेल असे वाटत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी धर्मशास्त्रज्ञ आल्बर्ट श्वाइट्झर यांनी येशूचे राज्य सर्वस्वी येऊ घातलेले मानले. 1935 मध्ये सी. एच. डॉड यांनी ते येऊन ठेपलेच आहे यावर भर दिला. ऑस्कर कुलमान यांनी दुसऱ्या महायुद्धातला दाखला घेऊन दोन्ही टोके जुळवली: निर्णायक लढाई जिंकलेली असते, तरी युद्ध संपायचे असते, आणि मधल्या काळातही माणसे जखमी होतात. आजारी माणसासाठी प्रार्थना करणाऱ्याला हे माहीत हवे. बरे वाटले तर राज्याची चुणूक दिसली. नाही वाटले तर रुग्णाचा विश्वास कमी पडला असा निकाल देण्याचा अधिकार कोणालाही नाही. ‘विश्वास असेल तर आजार आणि गरिबी आत्ताच जाईल’ असे सांगणारी शिकवण चुकते ती इथेच: यायचे आहे ते सारे ती आलेच आहे असे समजते.

लूक १७:२१ चेही असेच. ‘देवाचे राज्य तुमच्या आत आहे’ असे भाषांतर करून त्याची मनःशांती बनवली जाते. पण येशू हे बोलतो आहे ते त्याला विरोध करणाऱ्या परूश्यांशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाशी. त्यांच्या अंतःकरणात राज्य नांदते आहे असे तो म्हणत असेल, हे पटत नाही. ‘तुमच्यामध्ये’, म्हणजे तुमच्यासमोर उभे आहे, हा अर्थ अधिक बसतो.

मत्तय १३ मध्ये सात दाखले आहेत. त्यांतला निदणाचा दाखला सर्वांत कमी ऐकला जातो आणि त्याची गरज सर्वांत जास्त आहे. निदण म्हणजे गव्हासारखे दिसणारे तण. ओंबी बाहेर पडेपर्यंत ते ओळखू येत नाही, आणि ओळखू येते तोवर त्याची मुळे गव्हाच्या मुळांत गुंतलेली असतात. म्हणून मालक सांगतो, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. राज्य जबरदस्तीने ‘शुद्ध’ करायला निघालेल्यांनी हाच दाखला बाजूला ठेवला. 1534 साली जर्मनीतील म्युन्स्टर शहर ताब्यात घेऊन काहींनी तिथे नवे यरुशलेम जाहीर केले. राजा घोषित झाला, विरोध करणाऱ्यांना मारले गेले, आणि 1535 च्या जूनमध्ये उपासमार व कत्तलीत ते सगळे संपले. ‘माझे राज्य या जगाचे नाही’ या रोमी सुभेदार पिलातासमोरच्या येशूच्या उत्तरात पुढचेच वाक्य आहे: तसे असते तर माझ्या सेवकांनी लढाई केली असती. राज्य या जगातून उगवलेले नाही, एवढेच तो म्हणतो. या जगाशी त्याचा संबंध नाही असे नाही. येशूच्या पुनरागमनाच्या तारखा काढणाऱ्यांविषयी फार लिहीत नाही. 22 ऑक्टोबर 1844 ही विल्यम मिलरच्या अनुयायांनी धरलेली तारीख आली आणि गेली. ‘तो दिवस कोणालाच ठाऊक नाही’ हे मार्क १३:३२ त्याआधीही छापलेले होतेच.

आत शिरायचे कसे? ‘पश्चात्ताप करा’ या हाकेने. इथेही शब्द थोडा दगा देतो. पश्चात्ताप म्हणजे मागाहून झालेली तळमळ. येशूच्या हाकेतला ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ मन पालटण्याचा आहे आणि त्यामागे हिब्रूतली ‘मागे फिरण्याची’ कल्पना आहे. येशूला धरून देणाऱ्या यहूदाला तळमळ झाली होती; मत्तय २७:३ मध्ये त्याच्यासाठी वेगळे क्रियापद आहे. श्रीमंत जकातदार जक्कयाचे उदाहरण घ्या. तो किती रडला ते लूक सांगत नाही, आकडे सांगतो: निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि फसवून घेतले असेल तर चौपट परत. आपणहून कबुली देणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असे लेवीय ६:५ म्हणते. जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला. त्यामुळे पैशाच्या बाबतीत वळलेल्या माणसाने आधी दानाचा विचार करू नये. कोणाचे देणे थकले आहे, कोणाचा मोबदला अडवला आहे, याची यादी करावी. दुसऱ्याचे बुडवून दिलेले दान ही जुनीच वाट आहे.

क्षमेचा हिशेबही आकड्यांतच आहे. मत्तय १८ मधल्या दाखल्यातल्या सेवकाला दहा हजार तालांत माफ होतात. एक तालांत साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२). म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला 300 दिवस काम धरले तर दोन लाख वर्षे! त्याचा सोबती त्याचे देणे लागतो शंभर दिनार, म्हणजे सुमारे चार महिन्यांची मजुरी. ही रक्कम क्षुल्लक नाही, हे प्रवचनांत बहुधा सुटते. आपल्यावर झालेला अन्याय छोटा आहे असे येशू म्हणत नाही. सहा लाखांस एक या प्रमाणात तो मोजायला सांगतो. ‘आमचे ऋण आम्हांस सोड’ या मागणीत मत्तयाने ‘ऋण’ हाच शब्द का ठेवला, ते इथे उमगते.

मात्र याच अध्यायात, या दाखल्याच्या आधी, एक कार्यपद्धती दिली आहे (१८:१५–१७). आधी एकट्याने जाऊन चूक दाखवायची. ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यायचे. तरीही नाही तर मंडळीला सांगायचे. बहुतेक ठिकाणी ही उलटी चालते. आधी सगळ्यांना कळते, मग एकदोघे मध्यस्थीला जातात, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे त्याला शेवटी. तसेच, ‘क्षमा करा’ म्हणत लहानांवर वा दुबळ्यांवर झालेला अत्याचार दडपणाऱ्यांनी याच अध्यायाचे सहावे वचन वाचावे. तिथे लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधलेली आहे.

अधिकाराबद्दल मार्क १०:४२–४५ स्पष्ट आहे: परराष्ट्रीयांचे सत्ताधारी धनीपण गाजवतात, तुमचे तसे नसावे. मंडळी म्हणजेच राज्य असे मानले की पाळकाचा वा पंचांचा शब्द देवाचा शब्द होऊन बसतो. मंडळी राज्याची साक्षीदार आहे, मालक नाही. ज्या मंडळीत हिशेब मागितल्यावर ‘विश्वास नाही का?’ असे उत्तर मिळते, तिथे कोणाचे राज्य चालते हे सांगायला ग्रीक लागत नाही.

ख्रिस्तराजाचा हा सण पोप पायस अकरावे यांनी 1925 मध्ये सुरू केला. आता तो उपासना-वर्षाच्या शेवटच्या रविवारी येतो आणि त्या दिवशीची वाचने तीन वर्षांच्या फेऱ्यात बदलतात. एका वर्षी पिलातापुढे उभा केलेला कैदी येशू, एका वर्षी वधस्तंभावर शेजारच्या गुन्हेगाराशी बोलणारा, आणि एका वर्षी मत्तय २५ मधला राजा. तो सहाच गोष्टी विचारतो: भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. ज्यांनी मदत केली ते विचारतात, ‘प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिले?’ ज्यांनी केली नाही, तेही तेच विचारतात.

आपले,
बायबल अभ्यासवर्गातील काही वाचक