श्रीलंकेला प्यादे समजू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

श्रीलंकेचा विषय निघाला की आपल्याकडे तेथील दक्षिण किनाऱ्यावरच्या हंबनटोटा बंदराचा दाखला हटकून दिला जातो: चीनने कर्ज दिले, ते फिटेना, म्हणून चीनने बंदर बळकावले. २०१७ मध्ये ते बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका चिनी कंपनीकडे गेले, हे खरे. परंतु त्यापोटी आलेल्या सुमारे ११२ कोटी डॉलरमधून बंदराचे कर्ज फेडले गेले नाही. ते सरकारच्याच माथी राहिले आणि रक्कम परकीय चलनाच्या गंगाजळीत जमा झाली. एप्रिल २०२२ मध्ये देशाने परतफेड थांबवली, तेव्हाही परदेशी कर्जातला सर्वांत मोठा वाटा आंतरराष्ट्रीय बाजारातील रोख्यांचा होता. २०१९ अखेरची भरमसाट करकपात आणि २०२१ मधील रासायनिक खतांवरील बंदी हे निर्णय तर कोलंबोतच झाले होते. चीनच्या हेतूंविषयी शंका घेण्यास जागा आहे, पण सगळे बीजिंगने घडवले असे म्हणताना आपण श्रीलंकेचे कर्तेपणच नाकारतो.

हे कर्तेपण जुने आहे. १९५२ मध्ये कोरियातील युद्धामुळे चढलेले रबराचे भाव कोसळले होते, तांदूळ मात्र महागला होता, आणि सिलोनला (म्हणजे तेव्हाच्या श्रीलंकेला) दोन्हींची झळ बसत होती. अमेरिकेकडून परवडणाऱ्या दराचे आश्वासन मिळेना. चीनला रबर विकण्यावर निर्बंध असतानाही डडली सेनानायके यांच्या सरकारने त्या डिसेंबरमध्ये चीनशी पाच वर्षांचा करार केला: दरवर्षी ५० हजार टन रबर द्यायचे आणि २ लाख ७० हजार टन तांदूळ घ्यायचा. हे सरकार पक्के साम्यवादविरोधी होते, चीनशी त्याचे राजनैतिक संबंधही नव्हते, आणि या करारापायी अमेरिकेची मदत गमवावी लागली. लोकांच्या ताटातला भात आणि रबर पिकवणाऱ्यांची मजुरी डोळ्यांपुढे ठेवून घेतलेला तो निर्णय मला आजही धाडसाचा वाटतो.

आजचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये भारताचा आक्षेप असूनही ‘युआन वांग ५’ हे उपग्रहांचा माग काढणारे चिनी संशोधन जहाज हंबनटोटात आले. पुढे २०२४ या वर्षासाठी श्रीलंकेने सर्वच परदेशी संशोधन जहाजांना मनाई केली, म्हणजे कोणाचेही नाव न घेता मार्ग काढला. कोलंबो बंदरात एक टर्मिनल चिनी कंपनी चालवते आणि पश्चिमेकडील टर्मिनलमध्ये भारतीय उद्योगसमूहाचा मोठा वाटा आहे. याला दुटप्पीपणा म्हणणे सोपे आहे. मात्र ज्या बंदरात उतरवून पुढे पाठवल्या जाणाऱ्या मालापैकी बहुतांश माल भारताशी संबंधित आहे, ते बंदर चालवणाऱ्या देशाला भारताशी कायमचे वैर परवडणार नाही, हे तेथील राज्यकर्ते पुरते जाणतात.

आपण या खेळाचे केवळ प्रेक्षक नाही, हेही लक्षात घ्यावे. २०२२ च्या टंचाईत भारताने इंधन, औषधे, अन्नधान्य आणि परकीय चलन यांसाठी मिळून सुमारे ४०० कोटी डॉलरचा आधार दिला, त्याने जे साधले ते इशाऱ्यांनी साधले नसते. याउलट पाल्कच्या सामुद्रधुनीत तमिळनाडूचे ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडत जातात तेव्हा उत्तर श्रीलंकेतील जाफन्याच्या मच्छीमाराला दांडगा शेजारी दिसतो तो भारतच. कोकण किनाऱ्यावर परराज्यांतील ट्रॉलरांमुळे रिकामी जाळी ओढणाऱ्यांना त्याची व्यथा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आपल्याकडच्या बातम्यांत मात्र भारतीय मच्छीमारांच्या अटकेपलीकडे त्याचा उल्लेख क्वचितच येतो. दिल्ली आणि बीजिंगच्या चालींइतकीच जागा जाफना आणि कोलंबोत काय बोलले जाते यालाही आपल्या वृत्तपत्राने द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, रत्नागिरी