टोल्किनच्या शब्दकोशातली उलथापालथ

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टोल्किन यांनी एल्व्हांची (त्यांच्या कथांतल्या एका अमर वंशाची) भाषा आधी पूर्ण रचली आणि मग ती कादंबरीत वापरली, असे तू लिहिलेस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. क्वेन्या या एल्व्हांच्या एका भाषेचा पहिला शब्दकोश त्यांनी 1915च्या सुमारास सुरू केला आणि 1973मध्ये ते गेले तोवर ती खटपट संपली नव्हती.

त्यांची रीत आपल्या धातुपाठाला जवळची होती. आधी धातू ठरवायचा आणि मग ध्वनिबदलाचे नियम लावून प्रत्येक भाषेतले रूप काढायचे. म्हणून 'बोलणे' या अर्थाच्या एकाच धातूचे क्वेन्यात 'क्वेत' होते आणि सिंदारिन या एल्व्हांच्या दुसऱ्या भाषेत 'पेद'. हंस एकीकडे 'अल्क्वा', तर दुसरीकडे 'आल्फ'.

पण ही वेल्श वळणाची दुसरी भाषा मुळात सिंदारिन नव्हतीच. 1917च्या सुमारास ती एल्व्हांच्याच 'नोम' नावाच्या कुळाची होती, 1920च्या दशकात तिचे नाव नोल्डोरिन झाले, आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' 1954-55मध्ये छापून येण्याआधी त्यांनी ती उचलून मध्य-भूमी (या कथा घडतात तो प्रदेश) कधीच न सोडलेल्या करड्या एल्व्हांना देऊन टाकली. शब्द बरेचसे तेच राहिले, पण बोलणारे बदलले आणि त्यामुळे प्रत्येक शब्दाचा पूर्वेतिहास नव्याने लिहावा लागला. मला तरी हा त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो.

एकदा छापल्यावर मात्र हात बांधले गेले. कादंबरीचा नायक फ्रोडो याच्या प्रसिद्ध क्वेन्या अभिवादनातले पहिल्या आवृत्तीतले 'ओमेंतिएल्मो' ('आपल्या भेटीच्या') दुसऱ्या आवृत्तीत 'ओमेंतिएल्वो' झाले, कारण दरम्यान ऐकणाऱ्याला सामावून घेणाऱ्या 'आपल्या'चा प्रत्यय बदलला होता. (आम्ही आणि आपण यांतला भेद आपल्याला कोणी शिकवायला नको.)

उतारवयातली 'रॉस'ची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. त्यांच्या पात्रांच्या नावांपैकी एलरॉसमधला 'रॉस' म्हणजे फेस आणि मायद्रॉसमधला म्हणजे तांबूस केस, हे दोन्ही एका भाषेत कसे बसवायचे, या पेचातून सुटण्यासाठी त्यांनी फेसाचा शब्द माणसांच्या एका बोलीतून आला, असे ठरवून अख्खा निबंध लिहिला. मग त्यांच्या लक्षात आले की 'कैर आंद्रॉस' या बेटाच्या नावातला फेसाचा 'रॉस' सिंदारिन म्हणून कधीच छापून गेला आहे, आणि त्या विवेचनातले बहुतेक सारे फसले, अशी नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली.

त्यांचा 1930च्या दशकातला धातुकोश 1987च्या 'द लॉस्ट रोड'मध्ये आहे. वाचायला तेथूनच सुरुवात कर.

कळावे, लोभ असावा.
तुझा मित्र